क्रॉप केलेला कोपरा

गेले दोन शनिवार काही लिहिणं झालं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. क्लायंटला सोमवारी जे हवं असतं ते त्याला शुक्रवारी संध्याकाळी आठवतं. असो. पण आज जे लिहायचंय ते काही रिलीजमुळे राहिलं नव्हतं. ते मीच टाळत होतो.

आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात कॉफी मशीनच्या वर एक फोटो लावलाय. फ्रेमबिम करून. दगडाच्या कपारीतून अर्धा बाहेर आलेला एक ऑक्टोपस, पांढराफटक, डोळ्यांभोवती काळसर कडा, आणि दोन सोंडा अशा वळलेल्या की कुणीतरी मुद्दाम पोझ दिल्यासारखं वाटावं. खाली माझं नाव आणि 'प्रथम क्रमांक, दिवाळी छायाचित्र स्पर्धा २०२४'. बक्षीस म्हणून शॉपिंगचं व्हाउचर मिळालं, त्यात मी मिक्सर घेतला. लोक कॉफी घेता घेता विचारतात, "अंदमान का रे?" मी म्हणतो, "नाही, मालवण." मग ते चाट पडतात आणि मला बरं वाटतं. म्हणजे वाटायचं.

मुळात मी फोटोग्राफर वगैरे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रूममेटबरोबर पहिल्यांदा मालवणला गेलो तेव्हा माझ्याकडे फक्त मोबाइल होता आणि दोनशे रुपयांचं प्लॅस्टिकचं वॉटरप्रूफ पाकीट. टचस्क्रीनला बोट कळतं ते बोटामुळे बदलणाऱ्या विद्युतभारावरून. आजूबाजूला खारं पाणी असलं की स्क्रीनला सगळीकडे बोटंच बोटं लागल्यासारखी वाटतात. हे इंजिनियरिंगला शिकवलं होतं, मी त्यावर सात मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं, पण आठवलं ते पाण्यात उतरल्यावर! फोनने आपणहून सेल्फी कॅमेरा लावला, मग कॅलक्युलेटर उघडला, आणि शेवटी मॅनेजरला फोन लावला. रेंज नव्हती म्हणून वाचलो.

स्नॉर्केलिंग सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळच्या खडकांत करतात. किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. तटाच्या पायथ्याशी पाण्याखाली पोवळ्यांची वस्ती आहे, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. मास्क लावायचा, नळी तोंडात धरायची, लाइफ जॅकेट घालायचं आणि तोंड पाण्यात घालून तरंगायचं, एवढंच करायचं असतं. पण टिळक टँकवर पोहायला शिकताना 'तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायचा नाही' हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पहिली दहा मिनिटं मी नुसता धापा टाकत होतो. मग हळूहळू स्वतःच्या श्वासाचा घुर्र घुर्र आवाज ओळखीचा झाला आणि खाली बघायचं सुचलं.

खाली मासेच मासे! पिवळसर पाठ, अंगावर पाच काळे उभे पट्टे. इंग्रजीत त्यांना सार्जंट मेजर म्हणतात. शेकड्यानं आले आणि माझ्या तोंडाभोवती फिरायला लागले. मला वाटलं, काय हे प्रेम. मग दिसलं की शेजारच्या ग्रुपचा गाईड बाटलीतून पावाचे तुकडे सोडत होता. म्हणजे हे प्रेम पावावर होतं, मी आपला मध्ये आलो होतो. हल्ली सगळ्यांच्या स्नॉर्केलिंगच्या फोटोंत हेच मासे असतात त्याचं कारण हे. माझं ठाम मत आहे की माशाला पाव घालू नये. त्याचं पोट त्यासाठी केलेलं नाही आणि खडकावरचं खाणं खुडायचं सोडून तो बोटीमागे धावायला लागतो. पण त्या दिवशी मीही मजेत फोटो काढून घेतले हे खरं.

परत आल्यावर ऑफिसमधल्या एका सीनियरकडून जुना ऑलिम्पस टीजी-६ विकत घेतला. छोटासाच कॅमेरा, पण वेगळं कव्हर न लावता पंधरा मीटरपर्यंत पाण्यात चालतो. मग रात्री रात्री जागून वाचन. पाणी आधी लाल रंग शोषून घेतं, चारपाच मीटर खाली गेलं की रक्तसुद्धा हिरवट-काळं दिसतं. पाण्यात वस्तू पाव अंतराने जवळ भासतात आणि एक तृतीयांशाने मोठ्या. त्यामुळे 'एवढा मोठ्ठा मासा होता' म्हणणारा माणूस प्रामाणिकही असू शकतो :) आणि फ्लॅश शक्यतो मारायचा नाही. घाटात धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच होतं. पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि मासा मागे राहतो. मालवणचं पाणी अंदमानसारखं काचेचं नाही. मला मिळालेल्या चांगल्या दिवशीसुद्धा पाच-सहा मीटरपलीकडे सगळं हिरव्या ताकासारखं होतं.

एक मूलभूत नियम सगळीकडे लिहिलेला होता: जवळ जा. पाणी जितकं कमी मध्ये येईल तितका फोटो स्वच्छ. हा नियम मी पाठ केला. त्याच्या लगेच खालच्या ओळीत दुसरा नियम होता, कशालाही हात लावू नका. तोही वाचला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एकटाच गेलो. पुण्याहून रात्रीची बस, सकाळी मालवणला घावणे आणि चहा. या वेळी गाईड म्हणून एक दादा मिळाला. चाळिशीचा, घरची होडी असलेला, आधी पूर्णवेळ मासेमारी करायचा. तो पाव घालत नव्हता. "मासो बघूचो आसात तर गप ऱ्हव," एवढंच त्याचं ट्रेनिंग.

गप राहिल्यावर खरंच वेगळंच दिसायला लागलं. पहिल्या खेपेला जे सगळे 'तेच ते पट्टेवाले' होते त्यातला एक मासा एकटाच एका खडकासमोर येरझारा घालत होता. त्याचा रंग इतरांपेक्षा गडद, निळसर. मी जवळ गेलो तर सरळ अंगावर आला. वीतभर मासा आणि साडेपाच फुटांचा मी! तीनदा कॅमेऱ्याच्या काचेवर टकरा दिल्या. मला वाटलं पाव मागतोय. दादाने पाण्याबाहेर डोकं काढून सांगितलं, "बापूस तो. अंडी राखता." मग नीट बघितलं. मागे खडकावर बशीएवढा जांभळा ठिपका होता. बारीक बारीक अंडी, एकाला एक लागून. या जातीत मादी अंडी घालून निघून जाते, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत जवळजवळ आठवडाभर नर तिथे पहारा देतो. त्यांना पंखांनी वारा, म्हणजे पाणी घालतो, आणि जो येईल त्याच्याशी भांडतो. मी एका माशाच्या घरात मोठा डोळा घालून उभा होतो. मागे सरकलो. फोटो धड आले नाहीत, सगळ्यांत नुसतं तोंड किंवा नुसती शेपटी. पण त्या दिवशी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. आपल्याला आता समुद्र कळायला लागला, वगैरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. पाणी छातीइतकं. एका कपारीबाहेर रिकाम्या शिंपल्यांचा छोटा ढीग दिसला. कुणीतरी झाडून गोळा केल्यासारखा. याचा अर्थ मला वाचून माहीत होता: ऑक्टोपस जेवून झाल्यावर टरफलं दाराबाहेर टाकतो. मी तरंगत बघत राहिलो. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग एका दगडाला डोळा असल्याचं लक्षात आलं. आडव्या फटीसारखी बाहुली. दगडाचा खडबडीतपणा, त्यावरचं शेवाळ, सगळं हुबेहूब, आणि मध्ये एक डोळा माझ्याकडे बघतोय.

ऑक्टोपसबद्दल मी नंतर बरंच वाचलं. तीन हृदयं, निळं रक्त. सुमारे पन्नास कोटी मज्जापेशी आणि त्यातल्या दोन तृतीयांश मेंदूत नसून सोंडांमध्ये. म्हणजे प्रत्येक सोंड बरेचसे निर्णय स्वतःच घेते. आमच्याकडे मायक्रोसर्व्हिसेसवरून मीटिंगमध्ये तासतास वाद घालणाऱ्यांनी याला आर्किटेक्ट म्हणून घ्यावं. आणि गंमत म्हणजे क्षणात रंग बदलणारा हा प्राणी, शास्त्रज्ञांच्या मते, स्वतः बहुतेक रंगांधळा आहे.

तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. तेव्हा डोक्यात फक्त 'जवळ जा'. लाइफ जॅकेट मला वर उचलत होतं म्हणून त्याचे बेल्ट सोडून ते बाजूला केलं. तरी लाट आली की मी हातभर पुढे, हातभर मागे. फोकस बसेना. कपारीच्या खालीच पोवळ्याचं एक पान होतं. पसरट, करडं-पिवळं, भाकरी कडेने मुडपावी तसं. टर्बिनेरिया त्याचं नाव. मी डाव्या हाताने त्याची कड धरली आणि उजव्या हाताने कॅमेरा पुढे केला. बस्स, एकदम स्थिर! ऑक्टोपस स्क्रीनमध्ये मधोमध. बटण दाबून धरलं. तेवढ्यात मोठी लाट आली.

टक.

पाण्यात आवाज फार स्पष्ट ऐकू येतो. पापड मोडल्यासारखा, पण जाड. माझ्या हातात अर्ध्या भाकरीएवढा तुकडा होता. मोडलेली कड खडूसारखी पांढरी. ऑक्टोपस त्याच क्षणी पांढरा झाला, फुलला, डोळ्यांभोवती काळं वर्तुळ आलं, आणि पुढच्या क्षणी कपारीत गायब. कॅमेरा चालूच होता.

तुकडा मी सोडून दिला. खरं सांगायचं तर टाकला. कुणी बघितलं नाही असं वाटून. दादा दहा फुटांवर होता. तो काही बोलला नाही, एक बुडी मारली, तुकडा उचलला, दोन दगडांच्या फटीत उभा खोचला आणि वर आला. मास्क कपाळावर सरकवला.

"काय मोडलंस रे?"

मी काहीतरी लाटेचं सांगायला लागलो.

"ह्यां वाडाक वर्सां लागतत." मग थोडं थांबून, "आमका सांगतत जाळां घालू नका."

एवढंच बोलला. चिडला असता तर बरं झालं असतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं. त्याच्या गाभ्याच्या भागात किल्ल्याभोवतीचं पाणी येतं. इथल्या मच्छीमारांना त्याची भीती आणि राग दोन्ही आहे, कारण पिढ्यान् पिढ्या जिथे जाळं टाकलं तिथे नियम आले. आणि मी, पुण्याहून एसी बसने आलेला पर्यटक, तिथलंच पोवळं मोडून बोटीत बसलो होतो. कठीण सांगाड्याची सगळी पोवळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत, हे मी पुण्याला आल्यावर वाचलं.

होडी धक्क्याकडे वळली तेव्हा त्याने विचारलं, "फोटो बरो इलो मां?"

आला होता ना. तेच तर.

रात्री लॅपटॉपवर बघितला. चौदा फ्रेम होत्या. त्यातली अकरावी अशी की मी खुर्चीतून उठलो. पांढरा ऑक्टोपस, कडा काळ्या, पाणी अगदी नितळ वाटावं असं. फक्त डाव्या खालच्या कोपऱ्यात माझी दोन बोटं आणि पोवळ्याची ताजी मोडलेली पांढरी कड. लाइटरूममध्ये क्रॉपला किती वेळ लागतो? चार सेकंद. फोटो आणखीच छान दिसायला लागला. त्या वेळी मनात काही खळबळ झाली वगैरे म्हणणं खोटं होईल. कंपोझिशन सुधारलं, एवढंच वाटलं.

दिवाळीच्या स्पर्धेत तोच दिला. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ बक्षीस देताना म्हणाले की या फोटोत एक वेगळाच मूड आहे, प्राणी जणू कॅमेऱ्याशी बोलतोय. टाळ्या. त्यानंतर मूड म्हणजे नेमका काय म्हणून शोधलं. ऑक्टोपस अचानक पांढरा पडतो आणि डोळ्यांभोवती काळं करतो ते धोका अंगावर आल्यावर. मी आहे त्याहून मोठा आहे, लांब राहा, असं समोरच्याला दाखवायला. बोलत होता खरा, पण परीक्षकांना वाटलं ते नव्हे. त्या फोटोत दोन पांढरे रंग होते, एक मी कापून टाकला आणि दुसऱ्याला बक्षीस मिळालं.

त्या उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातली पोवळी चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर पांढरी पडत असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की पोवळं आपल्या अंगातल्या शैवालाला बाहेर टाकतं. त्याचं बरंचसं अन्न त्या शैवालाकडूनच येतं, रंगही. मग उरतो पारदर्शक जीव आणि आतला पांढरा सांगाडा. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. बातमी वाचताना मला जागतिक तापमानवाढ वगैरे आठवली नाही, दगडांच्या फटीत खोचलेला एक तुकडा आठवला. तापलेल्या पाण्यात धडधाकट पोवळ्यांची ही गत, तर मोडक्याचं काय?

जानेवारी २०२५ मध्ये परत गेलो. मे अखेरीपासून पावसाळाभर पाण्यातलं सगळं बंदच असतं आणि दिवाळीनंतर रजा मिळत नव्हती, ही खरी कारणं. त्याआधी जायची हिंमत नव्हती, हेही खरं.

"इलंस परत?" दादा म्हणाला. मी सांगितलं, ती जागा दाखव. त्याला एका वाक्यात कळलं.

ओहोटीची वेळ. या वेळी जॅकेट अंगावर, हात छातीशी बांधलेले. कपार सापडली. बाहेर शिंपले नव्हते, घर रिकामं होतं. तसा ऑक्टोपस फार जगत नाही, बऱ्याच जातींचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचंच, आणि घरंही तो बदलत असतो. मूळ पानाची मोडलेली कड आता पांढरी नव्हती, तिच्यावर शेवाळाची हिरवी-तपकिरी लव चढली होती. तुकडा दादाने खोचला होता तिथेच होता. खालची अर्धी बाजू मेलेली, गाळाने भरलेली. वरच्या बाजूला मात्र हाताच्या पंजाएवढा पट्टा अजून करड्या-पिवळ्या रंगाचा होता, बारीक बारीक छिद्रांतून इवल्या जिवांचे हात बाहेर. जगतोय म्हणायचं की मरतोय, ते मला ठरवता येईना. दादालाही विचारलं. त्याने खांदे उडवले.

शेजारी पोराइट्स जातीचं एक पोवळं होतं, घुमटासारखं, माझ्या कमरेपर्यंत येणार नाही एवढं. ही जात वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढते. मी मनातल्या मनात हिशोब केला: पन्नासेक सेंटिमीटर. माझ्या बाबांपेक्षा थोडंसंच लहान. त्याच्यावरून एक केंड मासा आला, मोठ्या डोळ्यांचा, फेंगडा, आपण कुठे चाललोय ते विसरल्यासारखा. गेल्या खेपेला शेजारच्या बोटीवरच्या एकाने असाच एक केंड डिवचून डिवचून फुगवला होता आणि सगळ्यांनी हसून फोटो काढले होते. हा फुगला नाही. दीड मीटरवरून मी एक फोटो काढला. मध्ये सगळा गाळ, मासा म्हणजे एक करडा डाग. ठीक आहे.

ऑफिसमध्ये मी एचआरला जाऊन सांगितलं की कॅफेटेरियातला फोटो बदलायचा आहे, न कापलेला लावू. का ते सांगितलं. तिने मूळ फोटो बघितला, म्हणाली, "पण यात बोटं आलीत ना. तो कापलेलाच छान दिसतो." फ्रेमचा आकारही जुळत नव्हता. तर तो अजून तिथेच आहे, कॉफी मशीनच्या वर.

न कापलेला फोटो मात्र एका ठिकाणी लागलाय. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दादाला मोबाइलवर अकरावी फ्रेम दाखवली होती, पूर्ण. त्याने बोटांनी मोठा करून कोपरा बघितला, बराच वेळ. मग म्हणाला, याची एक प्रत दे. मालवणच्या बाजारात प्रिंट काढून लॅमिनेट करून दिली. आता तो पाण्यात उतरायच्या आधी बोटीवरच्या सगळ्यांना ती दाखवतो, असं परवा फोनवर सांगत होता.

देताना मी विचारलं होतं, खाली नाव लिहू का?

"नाव कशाक?" तो म्हणाला. "बोटां दिसतत मां."